चित्रकार पाहिजे, कल्पनाशक्ती नको

ज्या माणसाने मला माशांची चित्रं काढायला शिकवलं, त्याने आयुष्यात एकही मासा खाल्ला नव्हता.

इथल्याच एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून सर निवृत्त झाले होते. रत्नागिरीच्या आसपासच्या खाड्यांमध्ये मिळणाऱ्या माशांची सचित्र सूची करायची, हे त्यांनी निवृत्तीनंतर हाती घेतलेलं काम. प्रत्येक माशाला एक पान. वर चित्र, खाली मापं, पंखातल्या काट्यांची संख्या, स्थानिक नाव आणि अगदी शेवटी एक ओळ ‘चव’ अशी. ही ओळ त्यांना स्वतःला भरता येत नव्हती. म्हणून ते प्रत्येक जातीचे दोन मासे घ्यायचे. एक माझ्यासमोरच्या ताटलीत, आणि चित्र झालं की फॉर्मलिनच्या बाटलीत. दुसरा बर्फाच्या डब्यात घालून माझ्याबरोबर घरी जायचा. दुसऱ्या दिवशी मी पोचले की पेनाचं टोपण काढून ते विचारायचे,

“बोला. कसा लागला?”

“छान लागला, सर.”

“छान ही चव नाही. छान हे तुमचं मत झालं. चव सांगा.”

मला सांगता येईना, तेव्हा मी आईला विचारायला लागले. काळुंद्र नावाच्या माशाबद्दल आई म्हणाली, “सांग त्यांना, जरा मातकट लागतं, आमसूल हात सोडून घालायचं.” सरांनी ते तसंच लिहून घेतलं आणि कंसात आईचं पूर्ण नाव घातलं. ‘माहिती देणार’ म्हणून. आई सातवीपर्यंत शिकलेली. ते पान मी फोनवर फोटो काढून घरी दाखवलं, तर तिने चष्मा लावून तीनदा वाचलं आणि मग भाकऱ्या करायला गेली. त्यानंतर मासा शिजवताना ती रेडिओसुद्धा बंद ठेवायची.

कोल्हापूरहून उपयोजित कलेची पदवी घेऊन मी परत आले, तेव्हा घरात आनंद झाला तो पंधरा दिवस टिकला. बाबा एसटीच्या डेपोत क्लार्क. त्यांनी एकदाही टोचून विचारलं नाही, पण रोज संध्याकाळी चप्पल काढताना माझ्याकडे बघायचे. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंना मी मेल पाठवत होते. जिथून उत्तर यायचं, तिथे अनुभव मागायचे. गावात फ्लेक्सवाल्याकडे गेले, तर त्याने वाढदिवसाच्या बॅनरवर चाळीस चेहरे कापून चिकटवायला दिले. ते मी तीन आठवडे केलं. आमच्या वाडीतल्या बुद्धविहाराची भिंत रंगवली, ती अर्थातच हौसेने. एका ब्युटी पार्लरच्या काचेवर मोर काढला. बाकी काही नाही.

मग एका झेरॉक्सच्या दुकानात, पेइंग गेस्ट आणि टायपिंगच्या जाहिरातींमध्ये, हाताने लिहिलेला एक कागद दिसला. ‘चित्रकार पाहिजे. रोज सकाळी नऊ ते एक. कल्पनाशक्ती नसल्यास उत्तम.’ खाली पत्ता. फोन नंबर नाही.

मला वाटलं कुणीतरी चेष्टा केली आहे. तरी गेले.

जांभ्या दगडाचं बैठं घर, मागे पत्र्याची पडवी. पडवीत एक लांब टेबल, भिंतीला लागून बाटल्यांची फळी आणि खाकी रेनकोट घातलेले एक उंच, वाळके गृहस्थ. बाहेर लख्ख ऊन होतं. फॉर्मलिनचे शिंतोडे उडतात म्हणून ते पडवीत कायम रेनकोट घालत, हे मला नंतर कळलं. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, प्रमाणपत्रं बघितली नाहीत. एका ताटलीत बांगडा ठेवला आणि म्हणाले, “हा काढा.”

मी जीव ओतून काढला. पाठीवरचा निळा-हिरवा रंग, पोटावरची चकाकी, डोळ्यात एक प्रकाशाचा ठिपका. वीस मिनिटांत झाला. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला.

“शेपटीजवळ त्या बारक्या पंखुड्या किती काढल्यात?”

“चार.”

“ताटलीत किती आहेत?”

मी वाकून मोजल्या. वर पाच, खाली पाच. जन्मभर बांगडा खाल्लेली मी, पण पाच आहेत हे मला माहीत नव्हतं.

“हा बांगडा नाही,” सर म्हणाले. “तुम्हाला बांगडा कसा आठवतो, ते तुम्ही काढलंत. उद्या या. उद्याही बांगडाच असेल.”

तिसऱ्या दिवशीही बांगडाच होता. चौथ्या दिवशी त्यांनी चित्र पाहिलं आणि “चालेल” म्हणाले. या शब्दापलीकडे त्यांचं कौतुक कधी गेलं नाही. दीड वर्षात मी तो किती वेळा ऐकला ते मला अजून सांगता येईल.

मला ते पहिल्यापासून अहोजाहो करत. तेवीस वर्षांच्या मुलीला चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने ‘तुम्ही’ म्हटलं की आधी हसू येतं, मग हळूहळू पाठ सरळ होते. जेट्टीवर मासे विकणाऱ्या बायकांनाही ते तसंच बोलत. आठवड्यातून तीनदा आम्ही रिक्षाने तिथे जायचो. ते कधी भाव करत नसत, आणि त्याचाच बायकांना राग यायचा. एक म्हणाली, “सर, जरा घासाघीस करा वो. गप देऊन जाता, आमचा सकाळचा सगळा खेळच संपतो.” सरांनी तिची माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशीही सांगितली ती किंमत दिली. माशाचं नाव मात्र ते चार-चार जणींना विचारायचे. पावस गावची बाई एक नाव सांगायची, अलीकडच्या खाडीवरची दुसरं. मग दोघींची वादावादी. सर दोन्ही नावं लिहायचे, कुणी कुठलं सांगितलं त्यासकट.

“पण खरं कुठलं, सर?”

“ज्या बाईने मासा धुतला, तिचं खरं. दोघींनीही धुतलाय.”

काकूंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा, या सगळ्याला विरोध नव्हता, पण वास त्यांना सहन होत नसे. पडवीकडचं दार त्यांनी आतून बंद केलं होतं ते कायमचं. दहा वाजता खिडकीत चहाचे दोन कप यायचे, पितळी घंटी एकदा वाजायची आणि खिडकी लागायची. दीड वर्षात मी काकूंचा हातच जास्त पाहिला. हिरव्या काचेच्या बांगड्या, मनगटावर एक जुना भाजल्याचा डाग. लग्नाला पन्नासहून जास्त वर्षं झालेल्या त्या दोघांचं बोलणं मला ऐकू यायचं ते एवढंच. खिडकीतून, “घेतलात का चहा?” आणि इकडून, “घेतला.”

सरांची आणखी एक पद्धत होती. काटे मी मोठ्याने मोजायचे. माशाचा पाठीवरचा पंख टाचणीने उघडून एक, दोन, तीन असं खणखणीत म्हणायचं. चित्र पुरं झालं की चित्रातलेही तसेच मोजायचे. मी एकदा विचारलं, मनात मोजले तर काय बिघडतं. म्हणाले, “मनात मोजताना माणूस स्वतःला सवलत देतो.” मला ते पटलं. सरांचे विक्षिप्त नियम मी तोवर मैत्रिणींना रंगवून सांगायला लागले होते. त्यात हाही घातला.

तेव्हा मला दिसायला हवं होतं. पेल्यात पाणी ओतताना ते बोट आतल्या कडेला लावायचे. मासा ओळखताना आधी हुंगायचे. दोन चष्मे गळ्यात दोरीने अडकवलेले असायचे, एक माणसांसाठी आणि एक माशांसाठी असं म्हणायचे, पण हल्ली कुठला घातलाय याने फरक पडत नसे. त्यांच्या डोळ्यांचा मागचा पडदा खराब होत चालला होता. मधोमध काळं आणि कडेने थोडं दिसायचं. त्यांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. मी रोज चार तास शेजारी बसून ज्याला लहर समजत होते, ती लहर नव्हती.

आता एकेचाळिसाव्या माशाचं सांगते.

जेट्टीवर अगदी कडेला एक म्हातारी बसायची. तिच्याकडे टोपलीच्या तळाशी कधीतरी एक बोटभर लांबीचा, मातकट, ठिपक्यांचा मासा यायचा. बायका त्याला नावच देत नसत. कचरा म्हणून पाण्यात परत फेकायच्या. सर दोन वर्षं धड स्थितीतला एक मिळावा म्हणून म्हातारीच्या मागे होते. श्रावणात एके दिवशी तिने तो ओल्या फडक्यात गुंडाळून आणला. एकच होता, म्हणून चवीची ओळ रिकामी ठेवायची ठरली. सर म्हणाले, “मला बँकेत जायचंय. तुम्ही सुरू करा. पंख सगळ्यात आधी, तो लवकर वाळतो.”

मी पंख आधी घेतला नाही. अकरा वाजता पुण्याच्या एका ॲनिमेशन कंपनीची व्हिडिओवर मुलाखत होती. त्यांनी माझी माशांची चित्रं पाहून बोलावलं होतं. सरांना मी सांगितलं नव्हतं. अंगाचे ठिपके काढून होतायत तोवर अकरा वाजत आले. पडवीत रेंज नसायची, म्हणून मी फोन घेऊन पुढच्या गेटपाशी गेले. माशावर ओलं फडकं टाकायचं राहिलं आणि पंखा चालू राहिला. मुलाखत लांबली. तिकडचा माणूस म्हणाला, “एवढा पेशन्स हल्ली कुणाकडे नसतो.” मी खुशीत परत आले, तर पाठीवरचा पंख वाळून ताटलीला चिकटलेला. पाणी सोडून टाचणीने सोडवायला गेले आणि तो फाटला. काही काटे ताटलीलाच राहिले, काही गळून कुठे गेले ते सापडेना.

मी फोनवर शोधलं. तसाच ठिपक्यांचा, तसाच मातकट एक मासा सापडला. फोटो स्वच्छ होता. त्यातला पंख मी पाहून काढला. फार सुरेख आला.

साडेबाराला सर परतले.

“झाला?”

“झाला, सर.”

“काटे?”

“नऊ.”

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, बाजूला केला, पुन्हा नेला. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मग ते “चालेल” म्हणाले आणि वहीत नऊ लिहिलं.

बँकेत ते गेलेच नव्हते. त्या दिवशी ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते, आणि आता उपाय नाही हे ऐकून आले होते. हे मला फार उशिरा समजलं.

त्रेसष्ट पानं पुरी झाल्यावर सरांनी एका मोठ्या संस्थेतल्या एका शास्त्रज्ञांना बोलावलं. त्यांनी शिफारस केली तर सूची छापली जाणार होती. सर त्या दिवशी रेनकोट न घालता पांढऱ्या शर्टात बसले होते. पाहुण्यांनी एकेक पान उलटत मनापासून दाद दिली. चवीच्या ओळी वाचून हसले, आईचं नाव मोठ्याने वाचलं. मी शेजारी उभी होते. एकेचाळिसाव्या पानावर त्यांचा हात थांबला.

“सर, हा कुठे मिळाला?”

“इथल्या खाडीत.”

“अंगावरचे ठिपके बरोबर आहेत. पण हा पंख या माशाचा नाही. हा तिकडे पूर्वेकडच्या समुद्रात मिळतो त्याचा पंख आहे. बाटली बघू?”

बाटली आली. त्यांनी ती उजेडात धरली. आत पंखाच्या जागी चिंधी होती. “हा तर फाटलाय,” ते म्हणाले.

पुण्याहून नेमणुकीचं पत्र येऊन तेव्हा आठवडा झाला होता. ते माझ्या फोनमध्ये होतं, आणि फोन माझ्या हातात होता.

“आकडा मी सांगितला,” सर म्हणाले. “पंख फाटला होता. मी जुन्या पुस्तकावरून सांगितलं. यांनी मी सांगितलं तेवढंच काढलं.”

पाहुण्यांनी बाटली टेबलावर ठेवली. मग आवाज खाली आणून म्हणाले, “मग बाकीची बासष्ट, सर?”

“बरोबर आहे तुमचं. सगळी पुन्हा मोजायला हवीत.”

पाहुण्यांनी चहा घेतला, नमस्कार केला, पुन्हा मोजून झालं की कळवा असं सांगितलं आणि गेले. रिक्षा वळल्यावर मी सरांसमोर बसले. शब्द जुळवत होते, तेवढ्यात तेच म्हणाले,

“अगं, मला माहीत होतं.”

त्यांनी मला ‘अगं’ म्हटलेलं ते पहिल्यांदाच.

“त्या दिवशी तू मोठ्याने मोजलं नाहीस. मी आलो, तू आकडा सांगितलास. चित्रातले मोजून दाखवले नाहीस. रोज दाखवायचीस.”

“मग विचारलं का नाहीत, सर?”

“विचारलं असतं, तर तू म्हणाली असतीस, बघा की सर. आणि मला बघता आलं नसतं.” ते हात टेबलावर ठेवून बसले होते. “तेव्हा ते खोटं तुझं एकटीचं नाही. पुण्याला कधी जायचंय?”

हेही त्यांना माहीत होतं. गेटपाशी उभी राहून मी मोठ्याने मुलाखत दिली होती, आणि पुढच्या खोलीत काकू होत्या.

मी म्हणाले, मी जात नाही, आपण दोघं पुन्हा मोजू. त्यांनी मान हलवली. “बाबांना काय सांगशील? जा. सुट्टीत ये. सुट्टीत येशील तेवढे मोजू.”

मी पुण्याला गेले. कंपनीच्या फॉर्मवर ‘पूर्वानुभव’ या रकान्यात पहिल्यांदा काहीतरी लिहिता आलं. माझं पहिलं काम लहान मुलांच्या मालिकेतले मासे काढण्याचं होतं. त्यांना पापण्या होत्या, दात होते, आणि ते टाळ्या वाजवत. सगळ्यांना फार आवडले. दिवाळीत मी घरी आले ती दोनच दिवस, त्यात भाऊबीज. सरांकडे अर्धा तास गेले. पाच मासे मोजले. निघताना म्हणाले, “पुढच्या वेळी जरा सवड काढून ये.” नाताळात मी मैत्रिणींबरोबर गोव्याला गेले. मार्चमध्ये प्रोजेक्टची घाई होती. त्यांनी एकदाही फोन करून विचारलं नाही. त्यांनी विचारावं अशी मी वाट बघत होते, की विचारत नाहीत हे बरं असं मला वाटत होतं, ते आता नक्की सांगता येत नाही.

आंब्याच्या पेट्या एसटीवर चढायला लागल्या, त्या दिवसांत आईचा फोन आला. सर झोपेतच गेले होते.

दिवस झाल्यावर मी चार दिवसांची रजा काढून गेले. बाटल्यांचं काय करायचं ते काकूंना विचारावं, कॉलेजला देता येतील का बघावं, असं मनात होतं. घरी कुणी दिसेना म्हणून मागे गेले. पडवीकडचं दार सताड उघडं होतं. काकू टेबलाशी बसल्या होत्या. अंगात सरांचा रेनकोट, बाह्या दुमडलेल्या, समोर ताटली, हातात टाचणी.

“ये गो,” त्या म्हणाल्या. “बस. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय हलतो.”

दिवाळीनंतर त्याच बसत होत्या. सर सांगायचे आणि काकू मोजायच्या. पहिले आठ दिवस ओकाऱ्या आल्या, मग थांबल्या, असं त्यांनी सांगितलं. एकोणतीस मासे झाले होते. त्यांच्या बारीक अक्षरात त्या प्रत्येक पानाच्या समासात आकडा आणि तारीख.

“तुझे दोन चुकलेत,” म्हणाल्या. “सातवा आणि बाविसावा. आतला एक बारका काटा राहिलाय. ते म्हणाले, नजरचूक आहे, सुधारून घे. घेतलं मी.”

मी पानं उलटत गेले. तिसाव्यापासून पुढचे समास कोरे होते. एकेचाळिसाव्या पानावर मात्र अक्षर होतं, काकूंचं नव्हे. माझ्या सुरेख पंखाखाली, ओळीवरून घसरत गेलेल्या मोठ्या अक्षरांत सरांनी लिहिलं होतं, ‘येथील चूक माझी आहे.’ खाली सही.

“त्याला मला हात लावू दिला नाही,” काकू म्हणाल्या. “त्यात माझं चुकलंय म्हणाले, मीच बघेन. कसले बघणार होते.”

तेव्हा मी सांगितलं. मुलाखत, पंखा, फडकं, फोनवरचा फोटो, पाहुण्यांसमोर मी गप्प उभी राहिले ते, सगळं. काकू बाटलीचं झाकण घट्ट करत राहिल्या, ते आधीच घट्ट होतं. माझं सांगून झालं तेव्हा मी टेबलावरचं पेन उचललं आणि ती ओळ खोडून खाली माझं नाव लिहायला वाकले.

काकूंनी कागदावर हात ठेवला. मनगटावरचा तो भाजल्याचा डाग आता मला जवळून दिसत होता.

“नको.”

“पण ते खरं नाहीये, काकू.”

“नसू दे.” त्यांनी हात उचलला नाही. “चोपन्न वर्षं संसार केला मी त्यांच्याबरोबर. कुणासाठी म्हणून खोटं बोललेले मला आठवत नाहीत. माझ्यासाठीसुद्धा नाही. हे एक बोललेत, ते राहू दे.”

मी पेन खाली ठेवलं. काकूंनी ते पान उचलून गठ्ठ्याच्या तळाशी सरकवलं, तिसावी बाटली पुढे ओढली आणि मासा ताटलीत काढून माझ्यासमोर ठेवला. टाचणी माझ्या हातात दिली आणि स्वतः पेन घेऊन वाट बघत बसल्या. मी पंख उघडून धरला. कितीतरी वेळ माझ्या तोंडून पहिला आकडा निघेना, आणि काकूंनीही घाई केली नाही.